शेतकऱ्याचें पहिलें लोहारकाम : भिंतीवरचा आंकडा

शेतकऱ्याच्या घरीं टांगून ठेवावयाच्या वस्तूंचा तोटा नसतो. विळा, कोयता, दोरखंड, बैलांच्या मोरक्या व घुंगुरमाळा, फवारणीचा पंप, पावसाळ्यांतला ओला रेनकोट, या प्रत्येकीस भिंतीवर कोठें तरी जागा हवी असते. जुन्या घरांतून याकरितां सागवानी खुंट्या असत. हल्लींच्या विटांच्या घरांत त्यांची जागा वांकड्या खिळ्यांनीं घेतली आहे, आणि बाजारांतून आणलेला पातळ पत्र्याचा आंकडा भरलेल्या पंपाचा भार फार दिवस सोसत नाहीं. चांगला, मजबूत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांस बरा वाटेल असा आंकडा शेतकऱ्यास आपल्या हातानें घडवितां येतो. तो कसा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

एवढ्याशा आंकड्याकरितां मासिकाचीं पानें कां अडवावीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आंकड्यांत नाहीं, पेरणींत आहे. मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे तो चार-दोन दिवसच टिकतो. नेमक्या त्या दिवसांत कुळवाची फास निसटते, पाभरीचा फण वांकतो, किंवा ट्रॅक्टरमागील अवजाराची एखादी कडी तुटते. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या आपल्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत ज्या बलुतेपद्धतीचें वर्णन केलें आहे, तींत अशी दुरुस्ती गांवच्या लोहाराकडे असे व सुगींत त्याला त्याबद्दल धान्य मिळे. ती पद्धति आतां बहुतेक ठिकाणीं मोडली आहे. कित्येक गांवांत भाता बंद पडला आहे आणि लोहाराचा मुलगा शहरांत वेल्डिंगच्या दुकानीं कामास गेला आहे. म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानें लोहार व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. फाळ पाजवणें, पोलादास पाणी देणें हीं कसबाचीं कामें जाणत्याच्याच हातचीं होत. परंतु वांकलेलें सरळ करणें, बोथटलेलें ठोकून निमुळतें करणें, तुटलेल्या कडीच्या जागीं दुसरी वळवून घालणें, इतकें ज्यास येतें त्याच्यावर वाफसा डोळ्यांदेखत जाऊं देण्याची पाळी कमी वेळां येते.

हें शिकण्यास आंकडा हा उत्तम धडा आहे. लोखंड निमुळतें काढणें, वळवणें, पिळणें, तोडणें, चपटें करणें आणि भोंक पाडणें या सहाही क्रिया त्यांत एकामागून एक येतात, आणि लोखंड लागतें तें अवघें १६० ग्रॅम. काम बिघडलें तरी नुकसान तेवढेंच. ज्यानें पहिलाच हात नांगराच्या फाळावर टाकला, त्याचा फाळही जाण्याची भीति असते व हंगामही.

आणखी एक सूचना आरंभींच करतों. जवळपास लोहार असेल किंवा घिसाड्यांचें पाल पडलें असेल, तर दोन दिवस त्यांच्या भट्टीशीं बसून पाहावें, आणि त्या वेळाचा मोबदला द्यावा. घिसाड्यांत पुरुष सांडशींत लोखंड धरतो व घरची बाई घण घालते. घण कोठें पडावा हें तो आपल्या लहान हातोड्याच्या टिचकीनें दाखवितो. दोघांत एक शब्दही न बोलतां घाव अचूक पडत जातात. लेख वाचून जें महिन्यानें समजेल, तें तेथें तासाभरांत डोळ्यांना कळतें.

लोखंड घ्यावयाचें तें १० मिलिमीटर जाडीचा चौरस गज, साधा नरम. अशा गजाचें वजन मीटरला सुमारें ७८५ ग्रॅम भरतें. अडीच फुटांचा तुकडा घ्यावा. म्हणजे एक टोंक भट्टींत असतां दुसरें हातांत धरतां येतें, व नवशिक्यास सांडशीची कसरत आरंभींच करावी लागत नाहीं. घर बांधतांना उरलेली टी.एम.टी. सळई वापरावी काय, असें पुष्कळजण विचारतात. तिच्या अंगावरचे उंचवटे ठोकतांना आंत दुमडून बसतात व तेथें भेग राहते. शिवाय तिची जी अधिक ताकद, ती कारखान्यांतील थंड-गरम करण्याच्या क्रियेनें आलेली असते, ती भट्टींत निघून जाते. म्हणून ती आम्हांस पसंत नाहीं. गाडीच्या पाट्याचें पोलाद तर या कामास मुळींच घेऊं नये. तें तापवून पाण्यांत बुडविलें कीं कांचेसारखें ठिसूळ होतें. आणि जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पाइप किंवा तार भट्टींत कधींही घालूं नये. सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपुढें जस्ताची वाफ होते, व तिचा धूर छातींत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो.

ऐरण नसल्यास जड लोखंडी ठोकळा लांकडाच्या ओंडक्यांत पक्का बसवून घ्यावा. भंगारवाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा देऊं करील, आणि तो ऐरणीस उत्तमही असतो. पण तो रीतसर लिलांवांत विकला गेल्याची पावती असल्याखेरीज घेऊं नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा कायदा आहे. याशिवाय एक किलोचा हातोडा, छिनी, भोंक पाडण्याचा पंच, सांडशी, पाना, आणि शेगडा म्हणजे व्हाइस, इतकीं हत्यारें पुरतात. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट व अंगांत सुती कपडे असावेत.

भट्टी खळ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर, वाऱ्याच्या आडोशास असावी. उन्हाळ्यांत एक ठिणगी पुरे होते. बादलीभर पाणी व टोपलीभर वाळू जवळ ठेवल्याशिवाय भाता हलवूं नये. जागा सावलीची हवी, आणि याचें कारण केवळ ऊन लागतें हें नव्हे. लोखंडाचा ताप आपण रंगावरून ओळखतों. उन्हांत नारिंगी झालेलें लोखंडही काळपट दिसतें, मग नवशिका आणखी भाता मारतो आणि लोखंड जाळून बसतो. सावलींत पाहिलें असतां प्रथम मंद लाल, मग चकचकीत लाल, मग गाजरासारखा नारिंगी व शेवटीं पिवळा असा रंग चढत जातो. नारिंगी ते पिवळा हा घडाईचा रंग. फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडूं लागल्या म्हणजे लोखंड जळलें. तेवढा भाग तोडून टाकावा, तो पुन्हां कामाचा होत नाहीं. उलट मंद लालीच्या खालीं उतरलेल्या लोखंडावर ठोकीत बसूं नये. लाली गेल्यानंतरच्या ठोकण्यानें त्यांत बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरा पुढें भार पडल्यावर उघड्या होतात. दहा मिलिमीटरचा गज फार लवकर निवतो. थोडेच घाव, पण जोरदार व नेमके घालून तो परत भट्टींत सारावा.

आतां प्रत्यक्ष काम. गजाच्या टोंकाकडील ३ इंच भाग ठोकून निमुळता करावयाचा, म्हणजे तो वाढून सुमारें ५ इंच होतो व टोंकाशीं ५ मिलिमीटर जाडी राहते. येथें घाई करणारे सारे एकाच ठिकाणीं फसतात : ते गोल टोंक हवें म्हणून आरंभापासूनच गज फिरवीत ठोकतात. तसें केल्यानें वरचें लोखंड पुढें सरकतें, आंतलें मागें राहतें, आणि टोंकास माशाच्या तोंडासारखी फट पडते. खरी रीत अशी कीं, गज चौकोनीच ठेवून निमुळता करावा. एक घाव घातला कीं पाव फेरा फिरवून दुसरा घालावा, व टोंक प्रथम, मग हळूहळू मागें असें यावें. चौकोनी निमुळता झाला म्हणजे त्याचे चार कोपरे दाबून अष्टकोनी करावा, आणि नंतर हलक्या घावांनीं गोल. या एका कामास नवशिक्यास पांच-सहा ताप लागतील, त्याची खंत करूं नये. पाभरीच्या फणाचें टोंक काढणें म्हणजे हीच क्रिया मोठ्या लोखंडावर करणें होय; म्हणून आमच्या मतें साऱ्या आंकड्यांत शिकण्यासारखा भाग हाच अधिक.

टोंकाचा शेवटचा इंचभर भाग तापवून ऐरणीच्या कडेवरून खालीं वांकवावा व मग उलटा धरून हलक्या घावांनीं लहानसा कुरळ वळवून घ्यावा. हा कुरळ शोभेचा खरा, पण नुसत्या शोभेचा नव्हे. त्यामुळें आंकड्याचें टोंक उघडें राहत नाहीं. अंधारांत हात गेला तरी ओरखडत नाहीं, आणि दोरी वा कापड अडकून फाटत नाहीं. कुरळ बाहेरच्या अंगास, म्हणजे आंकड्याच्या वळणाच्या उलट दिशेस असावा. मग निमुळता भाग पुन्हां तापवून ऐरणीच्या शिंगावर, किंवा शेगड्यांत धरलेल्या २ इंची पाइपावर अर्धवर्तुळ वळवावा. येथें घाव पाइपावर टेकलेल्या जागीं घालूं नये, तिच्या पुढें मोकळ्या सुटलेल्या लोखंडावर घालावा. नाहीं तर गज वळण्याऐवजीं चेपतो.

वळणाच्या मागचा १ इंच भाग ६ मिलिमीटर जाडीइतका चपटा करावा. खालचा स्क्रू येथें यावयाचा आहे. त्यामागील अडीच इंच भाग पिळण्याचा. पीळ देखणा यावयाचा तर सारा अडीच इंच सारखाच नारिंगी झालेला असला पाहिजे. जेथें ताप अधिक तेथें पीळ दाट बसतो व जेथें कमी तेथें विरळ. गज बाहेर काढल्यावर एखादी जागा अधिक पिवळी दिसली, तर झारीनें तेवढ्याच जागीं पाण्याची बारीक धार सोडावी. चपटा भाग शेगड्यांत आवळावा, पिळावयाच्या भागाच्या मागें पाना लावावा आणि एक पूर्ण फेरा एका दमांत फिरवावा. पीळ वांकडा झाल्यास लांकडी मोगरीनें सरळ करावा. हातोडा मारल्यास पिळाच्या धारा चेपतात व सारी शोभा जाते. दोन-तीन फेरे देण्याचा मोह नवशिक्यास होतोच. एक फेरा पुरे. दाट पिळांत धूळ व ओल सांचून गंज तेथूनच धरतो.

पिळापासून सव्वा इंच अंतरावर छिनीनें खूण करून, तापवून, आंकडा गजापासून तोडावा. तोडतांना शेवटचा घाव हलका घालावा, नाहीं तर तुटलेला तप्त तुकडा उडतो. आतां आंकडा सांडशींत धरून तो सव्वा इंच भाग ४ मिलिमीटरपर्यंत चपटा करावा. तो रुंदावतो व लांबून सुमारें २ इंच होतो. कडा नीट ठोकल्या तर पिंपळाच्या पानाचा आकार सहज येतो, आणि छिनीनें मधून एक रेघ ओढली म्हणजे पानाची शीर होते. याहून अधिक नक्षी आरंभीं करूं नये.

भोंक तापलेल्या लोखंडांतच पाडावें. पंच ठेवून तीन-चार घाव घालावेत, काढून पाण्यांत निववावा, पुन्हां ठेवावा. घावाचा आवाज व हाताला लागणारा धक्का बदलून खालीं घट्ट ऐरण लागल्यासारखें वाटलें कीं थांबावें. तुकडा उलटला असतां पाठीवर एक काळसर ठिपका दिसतो, कारण तेथलें लोखंड ऐरणीस टेकून निवालेलें असतें. पंच बरोबर त्या ठिपक्यावर धरून, खालीं ऐरणीचें भोंक घेऊन, एका घावांत आंतली चकती पाडावी. दोन्ही भोंकें अशींच. ड्रिलनें भोंक पाडलें तर तेवढें लोखंड जातें. पंचानें तें बरेंचसें बाजूस सरकतें.

निवाल्यावर तारेच्या ब्रशानें खवले झाडावेत. आंकडा पुन्हां थोडा गरम करून, लाली न येईल इतकाच, त्यास जवसाचें तेल किंवा मेण चोळावें. काळसर तकाकी येते. भुईमुगाचें वा तिळाचें तेल तितकें वाळत नाहीं, चिकट राहतें. कोंकणासारख्या दमट हवेंत एवढ्यानें भागत नाहीं, तेथें गंजरोधक रंगच हवा. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्यात.

आतां भिंतीचें गणित. असा आंकडा सहसा मोडत नाहीं, उपटतो. पंधरा लिटरचा पंप पाण्यासकट सुमारें २० किलो भरतो, व त्याचा भार भिंतीपासून दीड इंचावर पडतो. हा भार आंकड्यास खालच्या टोंकावर कलवून वरचा स्क्रू बाहेर ओढूं पाहतो. वरच्या स्क्रूपासून आंकड्याच्या पाठीच्या खालच्या टोंकापर्यंतचें अंतर आपल्या आंकड्यांत सुमारें ५ इंच आहे, म्हणून ही ओढ २० गुणिले दीड भागिले ५, म्हणजे ६ किलो होते. हेंच अंतर इंचभर असतें तर ओढ ३० किलोंची झाली असती. बाजारी आखूड आंकडे भिंतींतून निघतात, त्याचें हें कारण. विटांच्या भिंतींत गुट्टी किंवा लांकडाची मेख सांध्याच्या चुन्यांत वा सिमेंटांत न बसवितां सगळ्या विटेंत बसवावी. मातीच्या भिंतीस आंकडा लावूंच नये, लांकडी खांबास लावावा.

बसविल्यावर जेवढें वजन टांगावयाचें, त्याच्या तिप्पट वजनाचीं पोतीं एक रात्र टांगून पाहावें. आणि तोंवर खालीं कोणी बसूं नये. नवशिक्याचा आंकडा पाळण्यास किंवा झोपाळ्यास लावूं नये, मग तो कितीही जाड व देखणा झालेला असो. तेथें भार झोके घेतो, आणि ठोकतांना आंत राहिलेली चीर बाहेरून दिसत नाहीं. कोयता व विळा ज्या आंकड्यावर टांगावयाचे तो मुलांचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर, व येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूस असावा. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं दोन्ही स्क्रू हातानें हलवून पाहावेत. वरचा जरी किंचित् हलला तरी आंकडा उतरवून मेख नवी घालावी.