श्रम आणि इन्सुलिन : एका शतकाचा मागोवा

मधुमेही माणसाने शरीरश्रम करावेत, ही शिफारस इन्सुलिनच्या शोधाहून फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेने निर्धन रुग्णास भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालण्यास सांगितले, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बुशार्दा यांनीही श्रमांना उपचारात मानाचे स्थान दिले. परंतु ज्या श्रमांनी स्थूल प्रौढास उतार पडे, तेच श्रम कोवळ्या वयाच्या, झपाट्याने कृश होत चाललेल्या रुग्णास मुळीच तारीत नसत. आणि असे का व्हावे, याचा उलगडा इन्सुलिन हाती येण्यापूर्वी कोणासही झाला नाही.

टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाचा इन्सुलिनयुक्त अर्क प्रथम टोचण्यात आला, तेव्हा तो अशुद्ध असल्यामुळे फारसा गुण आला नाही. पुढे २३ जानेवारीस रसायनज्ञ कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क देताच रक्तातील साखर झपाट्याने उतरली.

या नव्या औषधाच्या आणि श्रमांच्या संबंधाचा छडा लावणारांत लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स अग्रगण्य होत. शवावर शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची कपची उडून त्यांच्या डोळ्यास इजा झाली, आणि त्या दुखण्याच्या तपासणीत मधुमेह उघडकीस आला. आयुष्याची आशा सोडून ते फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिले होते. तेथे १९२३ साली इन्सुलिन उपलब्ध झाल्याचा सहकाऱ्याचा निरोप पोहोचला, आणि दुबळ्या देहानिशी ते स्वतः मोटार हाकीत लंडनला परतले. ज्याचा स्वतःचा प्राण सुईच्या टोकावर तगून होता, अशा या वैद्याने १९२६ साली मोजमाप करून दाखविले की, टोचलेल्या इन्सुलिनला श्रमांची जोड मिळाली म्हणजे साखर विश्रांतीच्या मानाने अधिक उतरते.

याचे कारण पुढील दशकांत उमगत गेले. निरोगी माणूस चालू लागला की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिनचा स्राव आपोआप आखडता घेते, साखर वाढविणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढते, आणि स्नायू जितकी साखर वेचतात जवळजवळ तितकीच यकृत रक्तात सोडते. त्यामुळे जमाखर्चाचा मेळ बिघडत नाही. परंतु त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन मागे बोलाविता येत नाही. त्याचा अंमल श्रमांच्या वेळीही चालूच राहतो, यकृताचा हात आखडलेला असतो, स्नायू तर साखर ओढीतच असतात. आणि मग घाम फुटणे, हातपाय थरथरणे, भान हरपणे ही संकटे ओढवतात. १९७८ साली कोइव्हिस्टो आणि फेलिग यांनी दाखविले की, मांडीत इन्सुलिन टोचून पायांनीच व्यायाम केल्यास ते अधिक वेगाने रक्तात उतरते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इन्सुलिनचा तीव्र अभाव असून रक्तात कीटोन (चरबीच्या विघटनातून निपजणारी द्रव्ये) साचलेले असता व्यायाम केल्यास साखर उतरण्याऐवजी चढते आणि कीटोनही वाढतात, हे बर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली सिद्ध केले. स्नायूंच्या आकुंचनाने ग्लुट-४ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागी येऊन साखर आत घेतात, आणि इन्सुलिनही दुसऱ्या मार्गाने हेच काम करते, हे नंतर उलगडले. परंतु यकृतास आवर घालणे आणि चरबीचे विघटन रोखणे हे कार्य इन्सुलिनवाचून होत नाही. म्हणून श्रम हे इन्सुलिनचे सहकारी आहेत, त्याचे मुखत्यार नव्हेत.

बॉस्टनचे जॉस्लिन आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाचे तीन घोडे मानीत, ते याच अर्थाने. आज रक्तातील साखर घरोघरी मोजता येते, तरीही इन्सुलिन घेणाऱ्या कित्येकांच्या वाट्यास केवळ ‘रोज चालत जा’ एवढाच सल्ला येतो. हा सल्ला अपुरा आहे. चालण्यापूर्वी साखर पाहावी. मात्रा आणि आहार यांची तजवीज वैद्याच्या विचाराने आधीच करावी. खिशात ग्लुकोज असावे. साखर फार चढून कीटोन आढळल्यास श्रम थांबवून आधी इन्सुलिनचा बंदोबस्त करावा. आणि संध्याकाळच्या दीर्घ व्यायामानंतर रात्रीही साखर उतरू शकते, हे घरच्यांस ठाऊक असावे. शंभर वर्षांच्या परिश्रमाने मिळालेले हे ज्ञान औषधाच्या चिठ्ठीबरोबरच रुग्णाच्या हाती पडणे, हा त्याचा हक्क आहे.