कामाचे दिवस वाढले, मग हातात पैसे कमी का आले?

मैत्रिणींनो, "नको ताई, जास्तीचे दिवस नको, टॅक्स कापतात" असं म्हणून चांगलं काम सोडून देणाऱ्या बायका आपल्यातच आहेत. म्हणून या अंकात हा कापलेला पैसा नेमका कशाचा, कुठे जातो आणि परत कसा मिळतो, ते बघू. खाली दिलेले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे आहेत.

समजा, एक ताई साधनव्यक्ती म्हणून गटांना प्रशिक्षण देते. मानधन दिवसाला १,००० रुपये. आधीच्या वर्षी महिन्याला दोनच दिवस काम होतं, वर्षाचे २४,००० झाले, पूर्ण हातात आले. या वर्षी संस्थेने महिन्याला बारा दिवस काम दिलं. एप्रिल ते जुलै दरमहा १२,००० मिळाले. ऑगस्टमध्येही बारा दिवस भरले, पण खात्यात आले फक्त ६,०००! दिवस तेवढेच आणि पैसे निम्मे. ताईला वाटलं, संस्थेनेच खाल्ले.

झालं असं. प्रशिक्षक, सल्लागार अशा तज्ज्ञ सेवेच्या मानधनावर १० टक्के टीडीएस कापायचा, असा नियम आहे. मात्र एका संस्थेकडून वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० च्या पुढे गेली तरच. जुलैपर्यंत ४८,००० झाले होते, म्हणून काही कापलं नाही. ऑगस्टला ६०,००० झाले. मर्यादा ओलांडली की कपात वरच्या १०,००० वर नाही, सगळ्या ६०,००० वर होते. त्याचे ६,००० एकदम त्या एका महिन्यातून गेले. सप्टेंबरपासून दरमहा १,२०० कापले जातील आणि १०,८०० हातात येतील. जास्त काम केल्याचा हा दंड नाही, फक्त पाच महिन्यांची कपात एका महिन्यात आली.

वर्षाखेरीस ताईचं मानधन १,४४,००० आणि कपात १४,४००. आता तिला कर किती लागतो? तिचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर शून्य. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, आणि १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलं तरी मिळणाऱ्या सवलतीमुळे कामाच्या कमाईवर कर भरावा लागत नाही. म्हणजे ते १४,४०० ताईचेच आहेत, सरकारकडे तिच्या नावाने जमा आहेत. पण ते आपोआप परत येत नाहीत. आयकर विवरणपत्र, ज्याला आपण रिटर्न म्हणतो, ते भरून मागावे लागतात. न मागणाऱ्या बायका पुष्कळ, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच.

शिलाईचं काम घेणाऱ्यांचा दर वेगळा आहे. कंपनी, संस्था किंवा सरकारी कार्यालयाने कापड देऊन शिवून घेतलं तर ते कंत्राटी काम. त्यावर एकट्या बाईला १ टक्का. एकच बिल ३०,००० च्या वर गेलं, किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली, तरच कापतात. महिन्याला १८,००० चं काम असेल तर पाच महिने काही नाही. सहाव्या महिन्यात बेरीज १,०८,००० होते आणि १,०८० रुपये जातात. (शेजारणींचे ब्लाऊज शिवले तर त्या काही टीडीएस कापत नाहीत. पण तेही उत्पन्नच, वहीत लिहा.)

म्हणून टीडीएसच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म १६ए वर, कलमाचा कोड बघायला शिका. १९४जे म्हणजे तज्ज्ञ सेवा, १९४सी म्हणजे कंत्राटी काम. शिलाईच्या बिलावर १९४जे लावून १० टक्के कापले असतील तर लगेच विचारा. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे पुढच्या कागदांवर वेगळा आकडा दिसला तर घाबरू नका, काम कोणतं धरलंय तेवढं विचारून घ्या.

आता खरी अडचण. पॅन दिलं नाही, किंवा आधारशी जोडलं नसल्यामुळे ते निष्क्रिय झालं असेल, तर दर थेट २० टक्के होतो. वरच्या शिलाईच्या हिशेबात १,०८० ऐवजी २१,६००. बिल १८,००० चं आणि कपात त्याहून मोठी! आपल्याकडे हे जोडणं बहुतेक वेळा अडतं ते नावापाशी. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. आधी नाव एकसारखं करून घ्या, मग जोडा. मोठं काम हातात घ्यायच्या आधीच हे उरका. रिफंडही ज्या खात्यावर नाव जुळतं तिथेच येतो.

आणखी एक गोष्ट, काम तुम्ही केलं आणि बिल गटाच्या नावाने काढलं, तर कपात गटाच्या पॅनवर जाते. ती तुमच्या रिटर्नमध्ये मागता येत नाही. बिल कुणाच्या नावाने निघणार हे आधीच ठरवा.

"पंधरा-जी फॉर्म भरून द्या, कपात होणार नाही" असंही कुणीतरी सांगतं. तो फॉर्म ठेवीच्या व्याजासारख्या उत्पन्नासाठी असतो. मानधनाला आणि शिलाईच्या बिलाला तो चालत नाही.

वर्ष संपलं की आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपला फॉर्म २६एएस काढा. कोणी किती कापलं आणि आपल्या पॅनवर किती जमा झालं, ते त्यात दिसतं. व्हाऊचरवर कपात आहे पण इथे दिसत नाही, तर संस्थेने पैसे भरले नसतील किंवा पॅनचा आकडा चुकवला असेल. तो त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा. मग रिटर्न. मानधन आणि शिलाई म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे पगारदारांचा एक नंबरचा फॉर्म भरू नका. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असूनही रिटर्न भरणं बंधनकारक आहे. "मोठा रिफंड काढून देतो, निम्मा माझा" म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. खोट्या वजावटी दाखवल्या तर नोटीस तुमच्या नावाने येते.

लाडकी बहीणचं काय, हा प्रश्न येणारच. त्या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात आयकर भरणारं कुणी नको, अशा अटी आहेत. करातली १२ लाखांची सवलत तिथे लागू नाही. काम वाढवताना घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न मिळून हिशेब करा, तुमचं एकटीचं नाही. आणि टीडीएस कापला गेला तरी शेवटी कर शून्य निघाला, हे रिटर्नच्या प्रतीवर छापलेलं असतं. ती प्रत आणि १६ए गटाच्या पासबुकासोबत एकाच पिशवीत ठेवा.