मैदान कोणाचं? शिवाजी पार्क आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द

रोजच्या वापरातला एकेक शब्द घ्यायचा आणि त्याच्या पोटात काय आहे ते पाहायचं, असा या व्याख्यानांचा आपला रिवाज आहे. आजचा शब्द ‘सार्वजनिक’. शब्द नुसता हवेत ठेवला की निसटतो. पस्तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आम्हाला एवढं तरी कळलं. म्हणून आज तो एका जागेला बांधून ठेवू. ती जागा म्हणजे दादरचं शिवाजी पार्क.

अमरावतीत बसून मुंबईच्या मैदानावर बोलायचं कारण काय, असं कोणी म्हणेल. वऱ्हाडी माणसाचं आणि राजधानीचं नातं जरा गमतीचं आहे. इमादशाहीत राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, अगदी घराजवळ. मधला इतिहास सोडून देतो. निजामाच्या काळात ती हैदराबादला होती, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा नागपूरला आली आणि १९५६ पासून ती मुंबई झाली. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्री गाडीत बसायचं आणि सकाळी राजधानीत उतरायचं. उतरल्यावर काय? मंत्रालयात गेलात तर पास लागतो. मोठ्या दवाखान्यात गेलात तर आधी केसपेपर. राजधानी म्हणजे जिथं प्रत्येक दारात आपण कोण आणि कशाला आलो ते सांगावं लागतं ते गाव, अशी आमची एक खासगी व्याख्या आहे. मग प्रश्न असा, की त्या राजधानीत काहीही न सांगता नुसतं बसता येईल अशी जागा आहे का?

शिवाजी पार्क सुमारे २८ एकर आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एका बऱ्यापैकी कास्तकाराचं वावर. नावात पार्क असलं तरी ती बाग नाही, मैदान आहे. कडेनं झाडं, मध्ये मोकळी माती, काही खेळांच्या संस्था, एक गणपतीचं देऊळ, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आणि सगळ्याला वेढा घालणारा तो प्रसिद्ध बसका कट्टा. त्याची लांबी एक किलोमीटरच्या थोडी वर भरते. हे मैदान आपोआप उरलेलं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या शहराला उत्तरेकडे नव्या वसाहती आखून देण्यात आल्या. त्या आखणीत ही जागा मोकळी ठेवली गेली. १९२५ मध्ये ती ‘माहीम पार्क’ म्हणून लोकांना खुली झाली. १९२७ मध्ये, त्या वेळच्या गणनेप्रमाणे शिवजन्माला तीनशे वर्षं होत होती म्हणून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं तिचं नाव शिवाजी पार्क झालं. (गांधीजींचं मराठीतलं सुरुवातीचं चरित्र लिहिणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई.)

आता हे १९२७ साल जरा धरून ठेवा.

मुंबईत एका मैदानाचं नामकरण होत होतं त्याच वर्षी, २० मार्चला, कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ते तळं कागदावर आधीच खुलं होतं, हे आपण पुष्कळदा विसरतो. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा, चुकलो, सी. के. नव्हे, एस. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी खर्चातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी कोणी अस्पृश्य तिथं पाणी भरू शकत नव्हता. म्हणजे ‘सार्वजनिक’ ही पाटी लागली होती, पण जागा सार्वजनिक झालेली नव्हती. ती झाली ओंजळीनं. आणि ओंजळ भरल्याबरोबर पाटीही काढून घेण्यात आली. नगरपालिकेनं पुढे आपला ठराव मागे घेतला आणि तळं खासगी आहे असा दावा कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयानं तो निकालात काढला १९३७ मध्ये. दहा वर्षं लागली.

आपल्या अमरावतीतही त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरातला प्रवेश. आणि थोड्याच काळात जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आता ‘सार्वजनिक विहिरी खुल्या केल्या’ हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हणून पाहा. विहीर सार्वजनिकच होती तर ती खुली कशी करायची? आम्ही वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहायचो आणि पोरांना त्यातला विरोध शोधायला लावायचो. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘काहून सर, यात चूक काय हाय? आमच्या गावात असंच तर होतं.’ आमचा तो तास तिथंच संपला.

तर, सार्वजनिक हा जमिनीचा गुण नाही. तो वापरात असतो आणि वापर थांबला की जातो. सातबारा पाहून ते कळत नाही. आपल्याकडची ई-क्लास जमीन घ्या. इकडे गायरानाला सगळे ई-क्लासच म्हणतात. कागदावर ती सरकारची. गावाला विचारा, तर ‘गावाची आहे’ म्हणतील. ज्यांना वावर नाही त्यांनी तिथं पोटापुरतं पेरलं, की तेच गाव म्हणतं, ‘सरकारच्या जमिनीवर अतिक्रमण झालं.’ म्हणजे सरकारची, गावाची आणि सगळ्यांची हे तीन वेगळे अर्थ आहेत आणि आपण सोयीनं एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

शिवाजी पार्कवर सकाळी गेलात तर या तिसऱ्या अर्थाचं एक साधं चित्र दिसतं. एकाच मातीवर कितीतरी क्रिकेटचे डाव. एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. चेंडू कोणाचा हे ओरडूनच ठरतं. रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला तो याच गर्दीत. दोन डावांमध्ये भिंत नाही, तरी सीमारेषा आहे, कारण ती सगळ्यांनी मनात आखलेली आहे. हॅना आरेन्ट या विदुषीनं १९५८ च्या आपल्या ग्रंथात सार्वजनिक जगाला टेबलाची उपमा दिली आहे. टेबल भोवती बसलेल्यांना जोडतं आणि त्याच वेळी त्यांना एकमेकांच्या अंगावर पडू देत नाही. आम्हाला ती उपमा कट्ट्यावर जास्त पटते. कोणी मैदानाकडे तोंड करून बसतो, कोणी रस्त्याकडे. शेजारी अनोळखी असतो, पण परका नसतो.

पण खेळणारी मुलं आणि कट्ट्यावर बसणारे बहुतेक जवळपासचे. जागेची खरी कसोटी लागते ती लांबून आलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला माणूस तिथं टेकतो तेव्हा. ती दरवर्षी ६ डिसेंबरला लागते. बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ती दादरची चौपाटी, आजची चैत्यभूमी, इथून हाकेच्या अंतरावर आहे. महापरिनिर्वाण दिनाला महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही लाखो लोक येतात, आपल्या वऱ्हाडातून तर गाड्या भरभरून. दोन-तीन दिवस त्यांचा मुक्काम शिवाजी पार्कवर असतो. महापालिका मंडप घालते, नळ आणि शौचालयं उभी करते. आणि पुस्तकांचे स्टॉल! फुले, आंबेडकर, बुद्ध यांच्यावरची इतकी पुस्तकं इतक्या कमी वेळात दुसरीकडे कुठं विकली जात असतील असं आम्हाला वाटत नाही. शिदोरीच्या फडक्याशेजारी नवं पुस्तक ठेवलेलं, हे दृश्य आम्ही स्वतः पाहिलं आहे.

त्याच गर्दीत एकदा दर्यापूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. पांढरं लुगडं, सोबत नात. आम्ही वऱ्हाडातले आहोत हे बोलण्यावरून त्यांनी ओळखलं आणि सतरंजीवर जागा करून दिली. मग हळूच विचारलं, ‘भाऊ, इथं बसाची पावती फाडा लागते का?’ आम्ही म्हटलं, नाही. ‘कोनी उठवते का?’ म्हटलं, नाही उठवत. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मंग हे सरकारचं नाही. आपलंच हाय.’

मंडळी, रोमन कायद्यात वस्तूंचे वर्ग केले आहेत. हवा, वाहतं पाणी, समुद्र हे सगळ्यांचं सामाईक मानलं आहे. आम्ही ते सगळं पुस्तकातून शिकलो. त्या बाईंनी मात्र दोनच प्रश्नांत मालकीची परीक्षा घेतली. पावती लागते का आणि कोणी उठवतं का. पावती फाडली की आपण ग्राहक होतो. कोणी उठवलं की उपरे होतो. या दोन्ही नसतील तरच आपण जनतेपैकी एक असतो. आम्ही इतकी वर्षं शिकवलं त्यात इतकी सुटसुटीत व्याख्या आमच्याकडून झाली नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. मैदानाभोवती राहणाऱ्यांची तक्रार आवाजाची आणि धुळीची. मैदानावर टाकलेली लाल माती उडून घरात येते, दम्याच्या रुग्णाला तिचं तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. १९६६ पासून शिवसेनेचा दसरा मेळावा इथं होत आला, त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या प्रचंड सभा झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१० मध्ये परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि पुढे शासनानं खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस नेमून दिले. रहिवासीही जनताच आहेत, त्यांना झोप लागली पाहिजे. मात्र काही जण बोलता बोलता ‘आमचं मैदान’ म्हणतात तेव्हा आम्ही कान टवकारतो. ‘आमचं’ आणि त्या बाईंचं ‘आपलं’ यात मराठीनं जो फरक ठेवला आहे तो फार मोलाचा आहे. ‘आमचं’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपलं’मध्ये तो आत येतो. पुष्कळ भाषांत दोघांना एकच शब्द आहे.

आणि आपल्या गावात काय आहे? अमरावतीत सायन्सकोर आहे, नेहरू मैदान आहे. अकोलेकर आपापली नावं घेतील. आमच्या लहानपणी मोकळं मैदान म्हणजे संध्याकाळी आईनं ‘जा तिकडे’ म्हणून हाकलायची जागा. आता आपण मैदानाचा ‘विकास’ करायला निघालो, की पहिल्यांदा कुंपण येतं, मग फाटक, मग फाटकाला वेळा, मग वेळ पाहणारा माणूस, आणि शेवटी त्याच्या हातात पावतीपुस्तक. यातली एकेक पायरी समंजसच वाटते. कचरा होतो, गुरं शिरतात, कुंपण हवंच. आम्हीही एका अशा निवेदनावर सही केली होती. काही महिन्यांनी संध्याकाळी फिरायला गेलो तर रस्त्यावर, फाटकाबाहेर, चार पोरं विटांचे स्टंप लावून खेळत होती. आत गवत छान वाढलं होतं.

आता थांबतो, घसा कोरडा पडला. अकोल्याचे कोणी ऑनलाइन असतील तर त्यांनी आधी विचारावं, गेल्या वेळी त्यांचे प्रश्न राहून गेले होते.