दुचाकीला जोडचाके : घरचा खटाटोप आणि हक्काचा प्रवास

आपल्या वस्त्यांतून पायाने अधू असलेली माणसे काही कमी नाहीत. कोणाला लहानपणी पोलिओ झाला, कोणाचा पाय कारखान्यातल्या यंत्राने नेला, कोणी रेल्वेच्या अपघातातून जिवानिशी वाचला पण पाय गमावून बसला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. परंतु त्याआधी ज्या मुलांना या रोगाने गाठले, ती आज कर्तीसवरती माणसे आहेत. त्यांनाही कामावर जायचे असते, मुलांना शाळेत सोडायचे असते, रेशनच्या रांगेत उभे राहायचे असते. बसची पायरी उंच, रोजची रिक्षा खिशाला जड. मग प्रत्येक वेळी भावाची नाहीतर शेजाऱ्याची वाट पाहणे आले.

अशा घरात कधी ना कधी विषय निघतोच. "दारात दुचाकी आहे, हिलाच मागे चाके जोडून घेतली तर?" विचार उत्तम आहे. मात्र तो कसा अमलात आणावा, घरी काय करावे, काय करू नये आणि कागदोपत्री काय सांभाळावे, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

दुचाकीची तीनचाकी करणे ही काही नवी कल्पना नाही. इटलीच्या पियाजियो कंपनीने १९४८ साली आपल्या व्हेस्पा स्कूटरच्याच धर्तीवर 'आपे' ही तीनचाकी बाजारात आणली. आज आपण ज्या रिक्षातून फिरतो, ती याच कुळातली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ पासून १९७३ पर्यंत 'सर्व्हि-कार' नावाची तीनचाकी मोटारसायकल बनवली, आणि तिकडच्या पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरली. आपल्या शेजारच्या गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांची जोडणी बसवली आणि तिला शेतीची अवजारे लावली. 'बुलेट सांती' म्हणून ती प्रसिद्ध झाली. कारखानदार नसलेला माणूसही असे काम करू शकतो, हे यातून दिसते. पण शेतात बैलाच्या चालीने चालणारे यंत्र वेगळे आणि रहदारीच्या रस्त्यावर माणूस घेऊन धावणारी गाडी वेगळी, हा फरक विसरून चालणार नाही.

दोन पद्धती

जोडचाकांच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत गाडीचे मागचे मूळ चाक जागेवरच राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसते. इंजिनाची ताकद मधल्या चाकालाच जाते, बाजूची चाके फक्त तोल धरतात. आपल्याकडे अपंग बंधू-भगिनींच्या स्कूटर बहुतेक याच पद्धतीच्या असतात. दुसऱ्या पद्धतीत मागचे चाक काढून टाकतात आणि एका ॲक्सलवर दोन चाके बसवतात. ही खरी तीनचाकी. पण वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल तेथे लागते. ते न घालता दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळताना टायर घासतात आणि गाडी सरळच जाऊ पाहते. घरगुती खटाटोपात ही दुसरी पद्धत न धरलेली बरी.

गाडी कोणती निवडावी? मोटारसायकलला गिअर डाव्या पायात, मागचा ब्रेक उजव्या पायात. ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याला ती जोडचाके लावूनही उपयोगाची नाही. त्यासाठी ब्रेक आणि गिअर हातात आणावे लागतात, म्हणजे आणखी एक मोठे काम. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात आणि बटण दाबले की ती सुरू होते. १९८४ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने होंडाच्या साहाय्याने अशी स्कूटर आणली आणि अपंगांसाठी एक वाट मोकळी झाली. आजही घरात मोटारसायकल पडून असेल, तर ती विकून जुनी पण चांगल्या स्थितीतली बिनगिअरची स्कूटर घेणे पुष्कळदा हिताचे ठरते.

उलटते कधी आणि का?

चाके वाढली म्हणजे गाडी पडणार नाही, हा समज सर्वांत घातक. थांबलेली गाडी पडत नाही हे खरे. चालत्या गाडीचा हिशेब वेगळा आहे.

दुचाकी वळताना आतल्या बाजूला कलते आणि त्या कलण्यानेच तोल राहतो. जोडचाकांची गाडी कलत नाही, त्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. हा बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २० च्या वेगाने घेतलेले वळण ४० च्या वेगाने घेतले, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यातच पुढे चाक एकच. वरून पाहिले तर गाडीच्या आधाराचा त्रिकोण होतो, मागे रुंद आणि पुढे निमुळता. वळणावरच ब्रेक दाबला की भार पुढच्या निमुळत्या भागावर येतो आणि गाडी कोलमडते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे.

आमच्या माहितीतील एका शिवणकाम करणाऱ्या भगिनीची गाडी अशीच पहिल्या आठवड्यात उलटली. गॅरेजवाल्याने लोखंड वाचवण्यासाठी दांडे आखूड ठेवले होते आणि बाजूच्या चाकांना स्प्रिंगही दिली नव्हती. हात मोडला आणि दोन महिन्यांची कमाई बुडाली. दुसऱ्या गॅरेजात चाके रुंद अंतरावर, शॉकअपसह बसवून घेतल्यावर तीच गाडी त्या आज रोज चालवतात.

स्प्रिंगचे महत्त्व येथेच कळते. बाजूची चाके ताठ बसवली आणि मधले चाक खड्ड्यावर आले, तर बाजूची दोन टेकलेली राहतात आणि मधले अधांतरी फिरते. तेवढ्या वेळात गाडीला ना ओढ राहते, ना मागचा ब्रेक लागतो. बाजूच्या चाकांना स्वतःचे शॉकअप असले म्हणजे तिन्ही चाके जमीन धरून राहतात. बाजूची चाके मूळ चाकाच्याच मापाची असावीत. टायर-ट्यूब कोठेही मिळते आणि एक स्टेपनी सर्वांना चालते.

घरी काय, गॅरेजात काय

घरी करण्यासारखे काम पुष्कळ आहे. सर्वांत आधी टेप घेऊन गल्ली मोजा. जोडचाकांची गाडी हँडलपेक्षा रुंद होते. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब असेल, गटाराचे झाकण वर आलेले असेल, तर गाडी घरापर्यंत येईल का? उभी कोठे करणार? दाराच्या पायरीला उतार लागेल का? चालवणाऱ्याची बैठक, हातांची पोच, कुबड्या अडकवण्याची जागा हे सारे त्याला गाडीवर बसवून घरीच ठरवावे. नट-बोल्ट तपासणे, हवा पाहणे, बेअरिंगला ग्रीस देणे हेही घरचे काम.

वेल्डिंग मात्र घरी करू नये. गाडीचा सांगाडा पोकळ नळीचा असतो. अननुभवी हाताने जाळ लावला की नळी जळते, किंवा वरून धड दिसणारा जोड आतून कच्चा राहतो. पेट्रोलची टाकी न काढता ठिणगी उडवणे म्हणजे घराला आग लावणे होय. शक्यतो मूळ सांगाड्याला छेद न देता पट्ट्या आणि बोल्टने आवळून बसणारी जोडणी घ्यावी. बॅटरीच्या तारा सोडवूनच काम करू द्यावे. चॅसिस नंबरला धक्का लागता कामा नये. गाडी जड होते आणि मागे ढकलताना अधू पायांचा उपयोग नसतो. म्हणून रिव्हर्स गिअरची सोय करता आली तर अवश्य करावी.

गाडी तयार झाल्यावर रिकाम्या मैदानात निदान आठवडाभर सराव हवा. ज्याने पूर्वी दुचाकी चालवली आहे त्याने जास्त जपावे, कारण त्याचे अंग सवयीने कलते. येथे कलून गाडी वळत नाही, हँडलच वळवावे लागते. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी डावीकडे ओढ घेते. दुचाकीला खड्डा चुकवायला एकच रेघ सांभाळावी लागते, येथे तीन. गतिरोधक तिरका न घेता सरळ घ्यावा, म्हणजे बाजूची दोन्ही चाके एकाच वेळी चढतात. आणि हेल्मेट हवेच.

कागद पक्के असावेत

आता कारकुनी बाजू. ती कंटाळवाणी वाटली तरी अपघातानंतर तीच उपयोगी पडते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी केलेल्या बदलाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीने वाट दिली आहे. मालकाला तसा बदल करून नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता मागाहून घेता येते. तरीही आमचा सल्ला असा की, काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयात जाऊन कोणती जोडणी चालेल हे विचारून घ्यावे. हौसेखातर मोटारसायकलची तीनचाकी करणाऱ्याला ही सवलत नाही. परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व धरले जाते. चालवण्याचा परवानाही अशा रूपांतरित वाहनाचा वेगळा असतो, साधा दुचाकीचा परवाना पुरत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात अशा वाहनांच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत दिलेली आहे, पण बदलाची नोंद आरसीवर असेल तरच. विमा काढताना ती मागून घ्यावी. नोंद नसल्यामुळे भरपाईचा अर्ज परत आलेला आम्ही पाहिला आहे. त्या कुटुंबाने वर्षानुवर्षे हप्ता भरला होता.

पैशाचा प्रश्न राहतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आपल्या पालिकेत या निधीतून कोणती योजना चालू आहे, याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ही कोणाची मेहरबानी नव्हे. खर्चाचा अंदाज करताना नुसती जोडणी धरू नये. विमा, परवाना, दोन जादा टायर आणि वाढलेले पेट्रोल हेही वहीत मांडावे.

शेवटी एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगावीशी वाटते. गाडी ज्याच्यासाठी आहे, त्याला विचारल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नका. नोंदणी त्याच्या किंवा तिच्याच नावावर करा. मुलाला पोलिओ झाला तर घर कर्ज काढून गाडी करते आणि मुलीला झाला तर "तिला कुठे जायचे आहे?" असे म्हणते, हे आपल्याही घरांत घडते. तिला कॉलेजला जायचे आहे, नोकरीला जायचे आहे, मैत्रिणीकडे जायचे आहे, आणि कधी काही काम नसतानाही बाहेर पडायचे आहे. तिच्या गाडीची किल्ली तिच्याच हातात असली पाहिजे.