ड्रॉइंग स्कॅन करताय? जेपीजी बाजूला ठेवा

सोव्हिएत मदतीने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. पुढे भिलाईतल्याच नंदिनी रोड आणि हथखोजला लहानमोठी वर्कशॉप्स वाढली. अशा धंद्यात जुनं ड्रॉइंग म्हणजे भांडवलच. पण अमोनिया प्रिंट उजेडात फिकी पडत जाते, म्हणून स्कॅनिंगची घाई होते आणि तिथेच काही गैरसमज नडतात.

पहिला म्हणजे ‘क्वालिटी फुल ठेवली की जेपीजी चालतं.’ १९९२ सालचं हे मानक फोटोंसाठी आहे. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं. चेहऱ्याच्या फोटोत ते कळतही नाही. ड्रॉइंगमधली ०.१८ मिलिमीटरची रेघ मात्र ३०० डीपीआयला जेमतेम दोन पिक्सेल रुंद असते. तिच्याभोवती करडी धूळ जमते. आता ८५ मिलिमीटरचं, एच७ बसणीचं भोक घ्या. वरची मर्यादा +०.०३५, तीही बारीक अक्षरात. त्या धुळीत ३ चा ८ वाचला, की बेअरिंग सैल बसलंच! क्वालिटी फुल केली तर धूळ कमी होते, पण फाइल विनाकारण फुगते.

अशी जेपीजी पीएनजी म्हणून सेव्ह केल्याने गेलेलं परत येत नाही. धूळ तेवढी जशीच्या तशी जपली जाते. कागद पुन्हा स्कॅन करा.

‘पीडीएफ केलं, चिंता मिटली’ हा समज जास्त महागात पडतो. पीडीएफ नुसतं पाकीट आहे. आत जेपीजीही असू शकते. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात तिन्ही खोल्यांचं क्षेत्रफळ १४.१३ चौरस मीटर दिसलं. मूळ कागदावर तीन वेगळे आकडे होते. आतली जेबिग२ पद्धत सारखे दिसणारे ठिपक्यांचे गट एकच मानून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होती. अंधूक आकडा निदान संशय तरी जागा करतो. इथे आकडा स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा! कंपनीला दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढावं लागलं.

काळं-पांढरं स्कॅनिंग म्हणजे हलका दर्जा, असंही नाही. ३०० डीपीआयला ए-शून्य आकाराचं ड्रॉइंग रंगीत घेतलं तर दाबण्याआधी सुमारे ४१८ एमबी होतं, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात साडेसतरा. त्यावर टिफमधली ग्रुप-४ पद्धत लावली, की स्वच्छ शाईचं ड्रॉइंग एकही ठिपका न गमावता आणखी खूप लहान होतं. मात्र पेन्सिलीच्या पुसट रेघा, निळसर पडलेली पार्श्वभूमी किंवा लाल शाईतल्या दुरुस्त्या असतील तर काळं-पांढरं घेऊ नका. त्या दुरुस्त्याच कित्येकदा खरं ड्रॉइंग असतात. तिथे करड्या किंवा रंगीत छटांचं पीएनजी, नाहीतर एलझेडडब्ल्यू दाबणीचं टिफ घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘फोटो’ नव्हे, ‘डॉक्युमेंट’ निवडा. आणि स्कॅनवरची मापं मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तो कागद रद्दीत देऊ नका.