जिप्समचे छत : खर्चामागील विचार

अहवाल वर्षात स्त्री-रुग्णकक्षाच्या छताला व मधल्या आडभिंतीला जिप्सम बोर्ड बसविण्यात आले. ‘धर्मादाय रुग्णालयाला ही शोभा कशाला?’ अशी पृच्छा काही हितचिंतक देणगीदारांनी केली. पृच्छा रास्त आहे; म्हणून हे निवेदन.

जिप्सम हे खनिज भारतात प्रामुख्याने राजस्थानात सापडते. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते. सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातील पाऊण पाणी निघून जाते व प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. ते पुन्हा पाण्यात कालवून, दोन जाड कागदांमध्ये पसरून, वाळवून बोर्ड बनवितात. अस्थिरोग विभागात जे रुग्णाच्या पायावर चढते, तेच येथे छतावर चढले आहे!

आगीच्या प्रसंगी हे बांधलेले पाणीच उपयोगी पडते. त्याची वाफ होण्यात उष्णता खर्च होते आणि पाणी संपेपर्यंत बोर्डाची मागील बाजू फारशी तापत नाही. आग त्याने विझत नाही. परंतु ज्या रुग्णांना उचलूनच बाहेर न्यावे लागते, त्यांच्यासाठी मिळालेली काही मिनिटेही मोलाची असतात.

शिवाय हे काम कोरडे. विटांची आडभिंत, गिलावा व त्यावर पाणी मारणे यांत कक्ष दीर्घकाळ बंद राहिला असता. मात्र सांधे घासताना बारीक धूळ उडते, आणि जुने छत उघडताना बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना ते घातक ठरू शकतात. म्हणून रुग्णांना अन्यत्र हलवून, दारे प्लास्टिकने बंद करूनच काम करविले.

या बोर्डाचा खरा शत्रू ओल. भिजलेल्या कागदावर बुरशी धरते आणि वरची गळती छताआड झाकली जाते. त्यामुळे विश्वस्त मंडळाने आधी गच्चीचे जलरोधन करविले, एक पावसाळा कोरडा गेल्याची खात्री केली, मगच बोर्डाच्या खर्चास मंजुरी दिली. तपासणीसाठी छतात झडपाही ठेविल्या आहेत. शस्त्रक्रियागृहात वारंवार धुता येणारे, बिनसांध्याचे पृष्ठभाग लागतात. तेथे हे बोर्ड वापरलेले नाहीत.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती, की आडभिंतीत खिळे ठोकू नयेत व पिशव्या टांगू नयेत. छतावर पिवळसर डाग दिसल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावे. डागावर रंग न लावता तेवढा बोर्ड कापून बदलण्यात येईल.