आधी पंगत, मग पाटी

कोल्हापूरच्या दसरा चौकात जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. जातीधर्माची नावं मिरवणाऱ्या या वसतिगृहांमुळे जातीच घट्ट झाल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण शाहू महाराजांनी सुरुवात केली ती सर्वांसाठीच्या एकाच वसतिगृहापासून, हे त्यात निसटतं. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या या वसतिगृहाचं दार कागदावर सगळ्या जातींना उघडं होतं. काही वर्षांत तिथे जवळजवळ ब्राह्मण मुलंच उरली. कारभार ज्यांच्या हाती, पंगत त्यांची. खेड्यातून आलेल्या पोराची खरी अडचण फीची कमी आणि ‘जेवायचं कुठे’ याची जास्त होती. म्हणून 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम, तर 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. संस्थानाने जागा आणि मदत दिली, चूल ज्या त्या समाजाने पेटवली.

लोकांच्या ओळखीच्या जागेतूनच शिक्षण पोहोचवण्याचं दूरचं उदाहरण घ्यायचं तर कंबोडियाचं. ख्मेर मुलगे शतकानुशतकं गावच्या विहारात, भिक्खूंच्या हाताखाली अक्षरं गिरवत आले. तिथल्या फ्रेंच राज्यकर्त्यांनी 1920 च्या दशकात विहार बाजूला सारले नाहीत. भिक्खूंनाच नव्या पद्धतीचं प्रशिक्षण देऊन त्याच शाळा सुधारल्या. लोकांचा आधीच विश्वास असलेल्या जागेतून सरकारी शिक्षण आत शिरलं. मुली मात्र त्या विहारांबाहेरच राहिल्या होत्या, आणि आपली सुरुवातीची बोर्डिंगंही मुलग्यांचीच.

कोल्हापूरचा फरक असा की इथे विश्वासाला पुढे कायद्याची जोड मिळाली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं; 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं एकत्र बसवण्याचा हुकूम निघाला. वर्गातली बैठक हुकमाने बदलता येते, स्वयंपाकघर इतक्या लवकर बदलत नाही. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकणाऱ्या भाऊराव पाटलांची गोष्ट इथे बोलकी आहे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून परतल्यावर त्यांनी ‘विटाळ’ घालवण्यासाठी अंघोळ करायला नकार दिला, त्यावरून त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आक्षेप घेणाऱ्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण बोर्डिंगची ताकद आणि तिचं कुंपण, दोन्ही आतून पाहिलेल्या याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. तिथे पंगत एकच होती, आणि बोर्डिंगला नाव होतं शाहू महाराजांचं.